पहिलं सेमिस्टर कुठून आणू?

मंडळी, आज जरा चिडून लिहितोय. नेहमीच्या वाळूच्या, खजुराच्या आणि पेट्रोलच्या गप्पा पुढच्या वेळी.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी सकाळी (म्हणजे इथला रविवार!) जुबैलहून फोन आला. लातूरकडचा मुलगा, एका कंत्राटदाराकडे वेल्डिंग तपासणीच्या कामावर आहे. क्रिकेटच्या निमित्ताने ओळख झालेली. नोकरी सांभाळून एम.एस. करायचं त्याच्या डोक्यात होतं, तसा अर्ज त्याने इथल्या एका विद्यापीठात टाकला होता. (विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. आणि या लेखात पुढे ज्यांची नावं येतील त्यांपैकी ते नाही, हे आधीच सांगून ठेवतो.)

"दादा, ते पोर्टल सेमिस्टर वन आणि टू मागायलंय. मी कुठून आणू?"

"मग बारावीच्या रकान्यात काय टाकलंस?"

"बारावी केलीच नाही ना दादा. डिप्लोमावाला आहे मी."

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला एवढं वाक्य पुरतं. दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निक, मग इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, पुढे तीन वर्षं, पदवी हातात. दर वर्षी हजारो मुलं या वाटेने जातात. ज्या घरात सोळाव्या वर्षी पोराच्या हाताला काम मिळेल का हा प्रश्न असतो, त्या घरांची ही वाट आहे: डिप्लोमा झाला की नोकरीचा आधार, जमलं तर पुढे पदवी. या पोरांच्या मार्कलिस्ट तिसऱ्या सेमिस्टरपासून सुरू होतात आणि आठव्याला संपतात. पहिलं आणि दुसरं सेमिस्टर हरवलेलं नसतं, गहाळ नसतं, नापासही नसतं. ते नव्हतंच.

पोर्टलवर मात्र आठ रकाने, आठांपुढे लाल चांदणी. दोन रिकामे ठेवले तर पान पुढे सरकत नाही. त्याने तिथे डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या मार्कलिस्ट जोडल्या. चार दिवसांनी उत्तर आलं: शैक्षणिक नोंद अपूर्ण. मग कोणीतरी त्याला एका 'कन्सल्टंट'चा नंबर दिला. तो म्हणाला, काही नाही, दोन पानं तयार करून देतो, सगळेच करतात. म्हणजे बघा, खरं लिहिलं तर पान पुढे जात नाही आणि खोटं लिहिलं तर जातं! आणि खोटी कागदपत्रं सापडली तर इथे काय होतं हे आखातात राहणाऱ्या कोणालाही सांगायला नको. पोरगं घाबरलं आणि त्याने मला फोन केला, हे त्याचं शहाणपण.

आता आमच्या ग्रुपवर हे सांगितल्यावर आलेल्या प्रतिक्रिया. पहिली: "सॉफ्टवेअर आहे, ते काय करणार?" दुसरी: "या अरबांना आपली डिग्री कळतच नाही." तिसरी, सगळ्यात दुष्ट: "डिप्लोमावाल्यांनी एम.एस.च्या भानगडीत पडावंच कशाला?" तिसरीला उत्तर देण्यात वेळ घालवत नाही. पहिल्या दोन मात्र आपल्या सगळ्यांच्या तोंडी असतात, आणि दोन्ही चूक आहेत.

सॉफ्टवेअर काय करणार? तर सॉफ्टवेअर बरंच काही करतं. विद्यार्थ्यांच्या पदव्यांचा हिशोब ठेवणाऱ्या प्रणाली आतून कशा असतात ते थोडक्यात सांगतो. धाहरानच्या किंग फहद विद्यापीठात बॅनर नावाची अमेरिकन प्रणाली चालते, जेद्दाच्या किंग अब्दुलअझीझ विद्यापीठाची ओडस प्लस आहे, आणखी कुठे आणखी काही. आतला सांगाडा साधारण सारखाच. विद्यार्थ्याच्या नावापुढे पदवीची एक ओळ: स्तर कोणता, महाविद्यालय कोणतं, पदवीचा कोड काय, मुख्य विषय काय, आणि (हे महत्त्वाचं) कॅटलॉगचं वर्ष कोणतं. कॅटलॉगचं वर्ष म्हणजे तुम्ही ज्या साली दाखल झालात त्या सालचे नियम. समजा २०१५ साली पदवीला १३३ क्रेडिट लागत होती आणि २०१८ साली ती १२८ झाली, तरी २०१५च्या मुलाला २०१५च्याच यादीने तपासायचं. बॅनरच्या जोडीला अमेरिकेत वापरतात ती डिग्री वर्क्स प्रणाली तर याच पायावर उभी आहे. प्रत्येक पदवीसाठी, प्रत्येक मुख्य विषयासाठी आणि प्रत्येक सालासाठी अटींचा एक ठोकळा लिहायचा. विद्यार्थ्याने घेतलेले विषय त्या ठोकळ्यांत बसवून पाहायचे. जे कुठेच बसत नाहीत ते तळाशी वेगळे दाखवायचे. फेकून द्यायचे नाहीत! सूट दिली तर सूट अशी नोंद, एका विषयाऐवजी दुसरा चालवून घेतला तर तशी नोंद, कोणी मंजूर केलं आणि कधी, तेही.

इंजिनिअर म्हणून सांगतो, हे काम सुंदर आहे. पदवी ही काळात घडलेली गोष्ट आहे, नियम बदलतात, नावं बदलतात, आणि माणसाला त्याच्या काळाच्या नियमांनी मोजलं पाहिजे, हे ज्याने हा सांगाडा रचला त्याला पक्कं ठाऊक होतं.

फक्त हे सगळं विद्यापीठाच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांसाठी. बाहेरून आलेल्या माणसाच्या जुन्या पदवीला काय मिळतं? संस्थेच्या नावांची एक यादी, त्यातून एक निवडा. पदवीचा प्रकार, यादीतून एक निवडा. सरासरी गुण, एक आकडा. मिळाल्याची तारीख. संपलं. घरच्या पोराला अख्खा इतिहास आणि पाहुण्याला एक खोका. माझं भांडण एवढ्याच गोष्टीशी आहे.

त्यात रिकाम्या रकान्याची गंमत तर विचारू नका. माहितीच्या साठ्यात रिकामी जागा दोन कारणांनी असू शकते: माहिती असायला हवी होती पण मिळाली नाही, किंवा ती या माणसाला लागूच नाही. हा माझा शोध नाही. रिलेशनल डेटाबेसची कल्पना ज्यांनी १९७० साली मांडली त्या एडगर कॉड यांनी १९९०च्या आपल्या पुस्तकात या दोन रिकामेपणांना दोन वेगळ्या खुणा द्याव्यात असं सुचवलं होतं. धंद्यात ती सूचना कोणी फारशी मनावर घेतली नाही, एकच NULL सगळीकडे चालत राहिला... म्हणजे आमच्या लातूरकराचं पहिलं सेमिस्टर आणि एखाद्या लबाडाने दडवलेलं नापासाचं सेमिस्टर यंत्राला एकसारखंच दिसतं. दोघांवर शिक्का एकच: अपूर्ण.

आणि दुसरी प्रतिक्रिया, अरबांना कळत नाही म्हणे. का कळणार नाही? किंग फहद विद्यापीठात पदवीच्या आधी तयारीचं वर्ष असतं, त्यात मुख्यतः इंग्रजी आणि गणित. ज्याचं आधीच चांगलं असतं तो परीक्षा देऊन त्यातला भाग टाळू शकतो. त्याची सुरुवातीची सत्रं रिकामी आहेत म्हणून कोणी त्याला अपूर्ण म्हणतं का? आमच्या पोराने जे केलं ते काही फार निराळं नाही, त्याने तर पहिल्या वर्षाच्या बदल्यात तीन वर्षं खर्ची घातली.

नावांचंही तसंच. रियाधमधलं किंग सौद विद्यापीठ १९५७ साली निघालं. राजे सौद १९६४ मध्ये पायउतार झाले, १९६७ मध्ये विद्यापीठाचं नाव रियाध विद्यापीठ झालं, आणि १९८२ मध्ये जुनं नाव परत आलं. म्हणजे १९७५ सालच्या पदवीवर एक नाव, १९८५च्या पदवीवर दुसरं. धाहरानचं किंग फहद विद्यापीठ १९६३ साली पेट्रोलियम आणि खनिजांचं कॉलेज म्हणून निघालं, १९७५ मध्ये विद्यापीठ झालं आणि आजचं नाव त्याला १९८६ मध्ये मिळालं. इथल्या एखाद्या म्हाताऱ्या इंजिनिअरच्या भिंतीवर 'कॉलेज'चं प्रमाणपत्र टांगलेलं असलं तर त्याला कोणी विचारत नाही की बाबा, हे कॉलेज आमच्या यादीत नाही. नामांतर म्हणजे काय हे या देशाला व्यवस्थित कळतं.

मग आमच्याकडचं पाहा. मुंबई विद्यापीठ १८५७ पासून 'बॉम्बे', १९९६ पासून 'मुंबई'. पुण्याचं १९४९चं, 'पूना'चं 'पुणे' झालं आणि २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ २०१८ पासून बहिणाबाईंच्या नावाचं. औरंगाबादला १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ निघालं, १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं, त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ वेगळं निघालं, आणि २०२३ मध्ये औरंगाबाद शहराचंच छत्रपती संभाजीनगर झालं. म्हणजे नांदेडच्या एकाच कॉलेजात शिकलेल्या दोन भावांच्या पदव्यांवर तीन वर्षांच्या अंतराने वेगळी विद्यापीठं असू शकतात, आणि दोन्ही खरी.

आता गुंता पुढे आहे. लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. गेल्या दहाएक वर्षांत राज्यातली बरीच इंजिनिअरिंग कॉलेजं आपापली जुनी विद्यापीठं सोडून त्याला जोडली गेली. म्हणजे कॉलेज तेच, इमारत तीच, प्रयोगशाळेतला तो डुगडुगणारा लेथही तोच, पण विद्यापीठ बदललं. परदेशी पोर्टलच्या यादीत 'डॉ. बाबासाहेब' एवढं टाइप केलं की जे पहिलं येईल ते गडबडीत निवडलं जातं. लोणेरेवाला मराठवाड्यात जातो, मराठवाड्याचा लोणेऱ्याला. मग पडताळणीवाले चुकीच्या विद्यापीठाला पत्र पाठवतात, तिथून खरंखुरं उत्तर येतं की या नावाचा विद्यार्थी आमच्याकडे नाही. झाली की नाही पदवी बोगस?

मराठवाड्याच्या त्या नावासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत सोळा वर्षं माणसं झगडली. घरं जळली, माणसं मेली. ते नाव एखाद्याच्या पदवीवर छापलेलं असणं किंवा त्याआधीचं नाव छापलेलं असणं याला अर्थ आहे, आणि तो अर्थ तारखेत आहे. यादीतून एक निवडा म्हणणाऱ्याला ती तारीख नकोच असते.

(माणसाच्या नावाबद्दल बोलतच नाही. आपल्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं, आईचं वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर दोन तुकडे. इकाम्यावर चार जागा: स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं, कुळाचं. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचं नावही मध्ये आणलंय, ते मला मनापासून आवडलं. पण ही मुलं मोठी होऊन आखाती पोर्टलांवर नाव भरायला बसतील तेव्हा मी निवृत्त असेन, एवढंच समाधान.)

गुणांचं एक गणित मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुण्याच्या इंजिनिअरिंगला ६६ टक्क्यांना विशेष योग्यतेसह प्रथम श्रेणी मिळायची. आमच्या काळी ६६वाला गल्लीत पेढे वाटायचा. इथल्या पोर्टलमध्ये टक्के टाकले की ते सरळ चारच्या पट्टीवर आणलं जातं: ६६ भागिले १००, गुणिले ४, उत्तर २.६४. आणि एम.एस.ला बऱ्याच ठिकाणी ३.०० हवेत. तीन यायला ७५ टक्के लागतील. म्हणजे विद्यापीठ म्हणतं विशेष योग्यता आणि त्रैराशिक म्हणतं अपात्र. ज्या पद्धतीत पेपर तपासणारा सत्तरच्या वर जायला हात आखडता घेतो आणि ज्या पद्धतीत नव्वद सहज मिळतात, त्या दोन पट्ट्या एकाच फुटपट्टीने मोजायच्या! शाळेतल्या पोरालाही पटणार नाही. फॅरेनहाइटचं सेल्सिअस करताना आपण नुसता गुणाकार करत नाही, आधी ३२ वजा करतो. कारण दोन्ही पट्ट्यांचा शून्य एक नाही.

आता स्वतःबद्दल एक गोष्ट, जी या फोनमुळे आठवली आणि तेव्हापासून टोचतेय.

दोन वर्षांपूर्वी आमच्या संशोधन केंद्रात उन्हाळी प्रशिक्षणार्थी घ्यायचे होते. अर्ज शंभराच्या वर. चाळण्याचं काम तिघांवर होतं, त्यातला एक मी. समोर तक्ता, प्रत्येक अर्जापुढे हिरवी, पिवळी किंवा लाल खूण. संध्याकाळ झालेली, जेवायचं राहिलेलं. लाल खुणेचे अर्ज मी न उघडता बाजूला केले. त्यातल्या एकाचं आडनाव मराठी होतं, हे मला आठवतं. 'नोंद अपूर्ण' दिसलं आणि मनात आलं, काय हा निष्काळजीपणा, आपली मुलं साधे कागद नीट जोडत नाहीत. तो डिप्लोमावाला होता की खरंच निष्काळजी, हे मला कधीच कळणार नाही. कारण मी उघडून पाहिलंच नाही. मला सगळं माहीत होतं: थेट दुसरं वर्ष म्हणजे काय, केटी म्हणजे काय, मार्कलिस्टवर आडनाव आधी का. माझ्या वर्गातच आठ-दहा डिप्लोमावाले होते आणि मशीन ड्रॉइंग आम्ही त्यांच्याकडून शिकलो. तरी मी त्या लाल ठिपक्यावर विश्वास ठेवला.

म्हणून म्हणतो, अरबांना कळत नाही हे खोटं आहे. मला कळत होतं आणि माझ्या हातूनही तेच झालं. असली खूण तयार झाली की ती वाचणाऱ्याला विचार करण्यातून सुट्टी मिळते.

आपल्याकडचे लोकही यातून सुटत नाहीत. सौदी अरेबिया ७ डिसेंबर २०२२ पासून अपोस्टिलच्या करारात आला, भारत त्यात २००५ पासून आहे. त्याआधी मंत्रालय, परराष्ट्र खातं, मग दिल्लीतली सौदी कचेरी अशी शिक्क्यांची वारी करावी लागायची, ती सुटली, चांगलं झालं. पण अपोस्टिल एवढंच सांगतं की खालची सही आणि शिक्का खरा आहे. पदवी काय आहे, किती वर्षांची, कुठून सुरू झाली, हे ते सांगत नाही. ते सांगायचं काम विद्यापीठाचं. ट्रान्स्क्रिप्टच्या तळाला एक ओळ छापायला काय हरकत आहे: "या विद्यार्थ्यास तंत्रनिकेतन पदविकेच्या आधारे नियमानुसार तिसऱ्या सत्रात प्रवेश दिला; पहिली दोन सत्रं लागू नाहीत." आणि दुसरी ओळ: "हे विद्यापीठ अमुक तारखेपर्यंत तमुक नावाने ओळखलं जात असे." दोन ओळींची शाई! त्याऐवजी पोरं 'बोनाफाइड' आणि 'टू हूमसोएव्हर'साठी खिडक्यांपुढे उभी राहतात, किंवा परदेशातून काकांना उभं करतात.

आणि हे वाढणार आहे, कमी होणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षाने बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दोनने पदविका, तीनने पदवी, चारने ऑनर्स. मध्ये सोडा, परत या, क्रेडिट बँकेत ठेवा. कल्पना चांगली आहे. पण ती मुलं आखातात आणि युरोपात अर्ज करतील तेव्हा त्यांच्या नोंदीत भोकं असणार, आणि प्रत्येक भोकावर लाल चांदणी.

इलाज अवघड नाहीत, म्हणून तर राग येतो. संस्थेचं नाव आधी कागदावर जसं छापलंय तसं लिहू द्या, यादीशी जोडणी मग कर्मचाऱ्याने करावी, आणि यादीत प्रत्येक नावाला पासून-पर्यंत तारखा असाव्यात. गुण मूळ पट्टीतच ठेवा, रूपांतर शेजारी, आणि ते कुठल्या सूत्राने केलं तेही. प्रवेश कितव्या सत्रात झाला याला एक रकाना. आणि 'लागू नाही' हे उत्तर म्हणून स्वीकारा. यातलं काहीही नवं बांधायला नको, घरच्या विद्यार्थ्यांसाठी हे सगळं त्याच प्रणालीत आधीपासून आहे. कॅटलॉगचं वर्ष आहे, सूट आहे, बदली विषय आहे. फक्त दार बाहेरच्यांसाठी उघडायचंय.

असो. त्या मुलाचं काय झालं ते सांगतो. कन्सल्टंटला नाही म्हणून सांगितलं. पहिल्या दोन रकान्यांत एकच पान जोडलं, माझ्या भाषेत पण त्याच्या सहीने: ही सत्रं मला लागू नाहीत, कारण असं असं, सोबत डिप्लोमाचं प्रमाणपत्र आणि प्रवेशाचं पत्र. त्याच्या कॉलेजातल्या एका क्लार्कबाईंनी ते पत्र जुन्या फाइलमधून शोधून दोन दिवसांत स्कॅन करून पाठवलं, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. या सत्राची मुदत तोवर गेली होती. अर्ज पुढच्या सत्रासाठी धरलाय म्हणे.

परवा रात्री त्याचा मेसेज आला. लाल खूण गेली, आता पिवळी आलीय. पिवळीचा अर्थ काय ते पोर्टलवर कुठेच लिहिलेलं नाही. रविवारी ऑफिसं उघडली की फोन करतो म्हणालाय.